अंगाने कमी म्हणजे नेमकं कशात कमी? फुटबॉल ड्राफ्टमधले लहान चणीचे पास रशर

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट कसा चालतो ते पाहिलं. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि कॉलेजातून येणाऱ्या मुलांना संघ आळीपाळीने निवडतात. आज त्यातला एकच प्रश्न घेऊ. तो दर वर्षी नव्याने येतो आणि दर वर्षी त्याच चुकीच्या पद्धतीने विचारला जातो.

एक उदाहरण घेऊन सुरू करतो. २००५ च्या मोसमात लुइव्हिल विद्यापीठाच्या एल्व्हिस ड्युमरव्हिलने २० सॅक केले. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला मागच्या मागे लोळवणं. शिवाय त्या एका मोसमात त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या हातातून दहा वेळा चेंडू उडवला. कॉलेज फुटबॉलमध्ये यापेक्षा जास्त काय करून दाखवायचं? पण एप्रिल २००६ चा ड्राफ्ट आला, पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या फेरीत, १२६ व्या क्रमांकावर, डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याचं नाव घेतलं. त्याच्या आधी १२५ नावं घेतली गेली होती. कारण एकच, उंची ५ फूट ११ इंच.

पुढे २००९ मध्ये १७ सॅकसह तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर १०५.५ सॅक होते. (अर्धा सॅक कसा असतो, असं कुणी तरी विचारणारच. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा अर्धा वाटून घेतात.)

आता या गोष्टीतून लोक काय धडा काढतात? ‘बघा, उंची बिंची काही नसते, जिद्द पाहिजे.’ ऐकायला छान आहे, पण खेळाडू निवडायला बसलेल्या माणसाला याचा शून्य उपयोग. आकार महत्त्वाचा असतो, चांगलाच असतो. माझं म्हणणं एवढंच, की ‘अंगाने कमी’ हा एक शेरा नाही, ते तीन वेगवेगळे शेरे आहेत. उंचीने कमी, वजनाने कमी आणि हातांनी कमी. तिन्हींची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते, आणि तिन्हींवर उपायही वेगळे आहेत. स्काउटच्या वहीत मात्र तिघांना एकच शब्द असतो.

आधी काम काय आहे ते समजून घेऊ. पास रशर रेषेच्या टोकाला उभा असतो. त्याच्यासमोर असतो टॅकल, क्वार्टरबॅकचा राखणदार. साधारण साडेसहा फूट उंच, ३१५ पाउंड म्हणजे १४० किलोच्या पुढे, आणि हाताची लांबी ३४ इंचांच्या आसपास. चेंडू हलला की क्वार्टरबॅक अडीच-पावणेतीन सेकंदांत फेकून मोकळा होतो. तेवढ्या वेळात या डोंगराला वळसा घालून किंवा त्याला ढकलून पलीकडे पोचायचं. पोचला नाही तरी हरकत नाही, क्वार्टरबॅकला घाई झाली तरी काम झालं. पण ते प्रत्येक खेपेला, सामन्यात तीस-चाळीस वेळा करायचं.

मग उंची कुठे लागते? खरं सांगायचं तर फारशी कुठेच नाही. फेकलेला चेंडू हवेत अडवायला थोडी लागते. बाकी उंची हा सवयीचा भाग आहे, पास रशर ‘दिसायला कसा असावा’ याची एक कल्पना डोक्यात बसलेली असते. उलट बुटकेपणाचा फायदाच होतो. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. जो खाली राहून शिरतो त्याच्या हातात समोरच्याचा तोल जातो. साडेसहा फुटी टॅकलला सहा फुटी माणसाच्या छातीखाली हात घालायचे तर गुडघ्यात भरपूर वाकावं लागतं, आणि मागे मागे सरकत असताना इतकं वाकणं फार कमी जणांना जमतं.

जेम्स हॅरिसन याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. केंट स्टेटचा हा खेळाडू सहा फुटी, २००२ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला घेतला, काढला, परत घेतला, परत काढला. शेवटी तो टिकला आणि २००८ मध्ये १६ सॅक करून लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. हॅरिसन चपळाईने वळसा घालणारा नव्हता. तो खालून धडक मारायचा, आणि तीनशे पाउंडांचे गडी मागे सरकत क्वार्टरबॅकच्या अंगावर जायचे. म्हणजे उंची कमी होती, पण ताकद आणि वजन कमी नव्हतं. त्याला आणि एखाद्या २३५ पाउंडी चपळ पोराला ‘लहान चणीचे’ म्हणून एकाच रकान्यात टाकलं, की निवड तिथेच फसली.

हातांची गोष्ट निराळी. हात हे खरं शस्त्र आहे. ज्याचा हात आधी समोरच्याच्या छातीवर पोचतो, तो ठरवतो पुढे काय होणार. टॅकलचा हात ३४ इंच आणि तुमचा ३१ असेल, तर तुम्ही त्याला हात लावायच्या आत त्याने तुम्हाला धरलेलं असतं. आणि हात व्यायामाने वाढत नाहीत. म्हणून मी स्काउटच्या कागदावर उंचीआधी हाताचा आकडा बघतो. गंमत म्हणजे ड्युमरव्हिलची उंची कमी होती, पण उंचीच्या मानाने हात लांब होते. म्हणजे ज्या मापाची लढाईत गरज असते ते त्याच्याकडे होतं, आणि जे नव्हतं ते बहुतेक दिखाव्याचं होतं. १२५ नावं आधी घेतली गेली ती या दिखाव्याच्या मापावर.

हात आखूड असतील तर? मग दोनच वाटा. एक, टॅकलचे हात अंगाला लागूच द्यायचे नाहीत, म्हणजे मनगटावर फटका मारायचा, हात झटकायचे, ऐन वेळी खांदा पाडून निसटायचं. दुसरी वाट, इतक्या वेगाने निघायचं की टॅकल हात उगारेपर्यंत तुम्ही त्याच्या खांद्याशी पोचलेले. दोन्ही करता येतं, पण हे हातांचं कसब कॉलेजातच दिसायला हवं. ‘आमचे प्रशिक्षक शिकवतील’ या वाक्यावर अनेक संघांनी पहिल्या फेरीची निवड वाया घालवली आहे.

आता वजन. इथे मात्र मी सावध होतो, कारण वजनाची किंमत अशा खेळीत द्यावी लागते जी हायलाइट्समध्ये दिसत नाही, ती म्हणजे धावण्याच्या खेळीत. प्रतिस्पर्धी संघ काही दर वेळी चेंडू फेकत नाही. तुमचा टोकाचा खेळाडू २४० पाउंडांचा आहे हे दिसलं, की तो पहिल्याच डावात सरळ त्याच्या अंगावर धाव घेतो. समोरून टॅकल, बाजूने टाइट एंड, दोघे मिळून त्याला उचलून बाजूला ठेवतात. कडा धरून ठेवणं हे टोकाच्या खेळाडूचं निम्मं काम आहे. ते जमलं नाही तर प्रशिक्षक त्याला फक्त तिसऱ्या डावाला, म्हणजे पास नक्की येणार तेव्हाच, मैदानात सोडतो. मग हिशेब बदलतो. सामन्यातल्या एकतृतीयांश खेळ्या खेळणाऱ्या माणसासाठी पहिल्या फेरीची निवड खर्च करायची का? चौथ्या फेरीत मी आनंदाने करीन. पंधराव्या क्रमांकावर दहा वेळा विचार करीन.

वजनावर उपाय आहे, पण तो खेळाडूच्या हातात कमी आणि संघाच्या हातात जास्त असतो. इंडियानापोलिस कोल्ट्सचं बघा. २००२ मध्ये त्यांनी सिराक्यूजच्या ड्वाइट फ्रीनीला ११ व्या क्रमांकावर घेतलं. उंची ६ फूट १ इंच, वजन २६८. ‘फार वर घेतला’ अशी टीका झाली. पुढच्या वर्षी पाचव्या फेरीत, १३८ व्या क्रमांकावर, अलाबामा ए अँड एम या छोट्या कॉलेजातून रॉबर्ट मॅथिस आला, तो तर आणखी हलका. फ्रीनीने पहिल्याच मोसमात १३ सॅक केले, एकूण १२५.५ वर थांबला आणि २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. मॅथिस १२३ वर थांबला.

दोघे गुणी होतेच, पण ते कुठे खेळत होते हेही बघा. कोल्ट्सकडे पेटन मॅनिंग होता. संघ बहुतेक वेळ आघाडीवर असायचा, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला पाठलाग करत चेंडू फेकावाच लागायचा. घरचं मैदान छताखाली, कृत्रिम गवताचं, वेगाला पोषक. आणि टोनी डन्जीची बचावपद्धतच हलक्या, वेगवान खेळाडूंवर उभी होती. धावांचा थोडा मार खाऊ, पण क्वार्टरबॅकला स्वस्थ बसू देणार नाही, हा उघड सौदा होता. हीच दोन पोरं सतत पिछाडीवर असलेल्या, चिखलात खेळणाऱ्या संघात गेली असती तर? आकडे तेवढेच आले असते असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे उभं राहण्याची जागा. गुडघ्यावर बसून, हात जमिनीला टेकवून सुरुवात करणारा डिफेन्सिव्ह एंड आणि उभा राहून बाहेरून येणारा आउटसाइड लाइनबॅकर, यांचं काम सारखं वाटतं पण मार वेगळा बसतो. बाहेर उभ्या माणसाला पल्ला मिळतो, वेग घ्यायला जागा मिळते. ड्युमरव्हिलचं २००९ चं ते वर्ष आलं ते डेन्व्हरने पद्धत बदलून त्याला उभं केल्यावर. मॅथिसचंही तसंच. कोल्ट्सची पद्धत बदलली, तो उभा राहायला लागला, आणि २०१३ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, १९.५ सॅकसह लीगमध्ये पहिला आला.

पण जागा बदलणं याचा अर्थ भलतीकडे नेणं नव्हे. हासान रेडिकची हकीकत मला या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. टेंपल विद्यापीठात हा शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला. तिथे टोकाला खेळायचा. कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मापजोखीत, भरला ६ फूट १ इंच, २३७ पाउंड. आकडा बघून सगळ्यांचं एकमत झालं, की हा टोकाला टिकणार नाही, याला आत नेऊन मधला लाइनबॅकर करा. ॲरिझोना कार्डिनल्सनी २०१७ मध्ये १३ व्या क्रमांकावर घेतला आणि तेच केलं. तीन वर्षांत मिळून साडेसात सॅक. संघाने पाचव्या वर्षाचा करारही नाकारला. पहिल्या फेरीतला खेळाडू फुकट गेला, असं सगळे म्हणायला लागले.

२०२० मध्ये संघाचा मुख्य पास रशर चॅन्डलर जोन्स जखमी झाला. नाइलाजाने टोकाची मुख्य जबाबदारी रेडिकवर आली. त्या मोसमात १२.५ सॅक, त्यातले पाच जायंट्सविरुद्ध एकाच सामन्यात. मग कॅरोलायनात ११, फिलाडेल्फियात १६, पुन्हा फिलाडेल्फियात ११. सलग चार वर्षं, तीन संघ. वजन जवळपास तेच, माणूस तोच, फक्त कॉलेजात जे काम तो करत होता ते त्याला परत मिळालं. नाइलाज झाला नसता तर कदाचित त्याचं नावही आज आपण घेतलं नसतं. पंचविशीतल्या माणसाची कारकीर्द दुसऱ्याच्या दुखापतीवर वाचली, हे मला अजूनही अस्वस्थ करतं.

इथे ब्रेक लावतो. मी सांगतोय ती सगळी यशस्वी माणसांची नावं आहेत, आणि हीच या चर्चेतली मोठी फसगत आहे. जे लहान चणीचे खेळाडू आले आणि दोन वर्षांत बाहेर गेले त्यांच्यावर कुणी व्याख्यान देत नाही. म्हणून दोन नावं मुद्दाम घेतो.

जॉर्जियाचा जार्व्हिस जोन्स. २०१२ मध्ये कॉलेजात १४.५ सॅक. अंगाने मध्यम, पण धावण्याच्या चाचणीत ४० यार्डांना ४.९ सेकंदांच्या वर. स्टीलर्सनी २०१३ मध्ये १७ व्या क्रमांकावर घेतला. चार मोसमांत सहा सॅक, आणि कारकीर्द संपली. कॉलेजातले आकडे खरे होते, पण आकाराने जे कमी होतं ते भरून काढायला वेग नव्हता. लहानही आणि संथही असलेल्याला व्यावसायिक टॅकल सोडत नाहीत.

दुसरा क्लेमसनचा व्हिक बीजली. २४६ पाउंड, वेग आणि उडी दोन्ही अफाट. अटलांटाने २०१५ मध्ये आठव्या क्रमांकावर घेतला. २०१६ मध्ये १५.५ सॅकसह लीगमध्ये पहिला. झालं, सगळ्यांना वाटलं गवसला. त्यानंतर एकाही मोसमात दहाचा आकडा गाठला नाही. माझं वाचन असं, की त्याच्याकडे वेग होता पण दुसरी चाल नव्हती. टॅकलला कळलं की हा बाहेरूनच जाणार, की तो आधीच दोन पावलं मागे जाऊन वाट बघतो. फ्रीनीकडे अशा वेळी आतल्या बाजूची गिरकी होती. बाहेर जातोय असं दाखवून टॅकल मागे सरकला, की गर्रकन फिरून आतून. त्यामुळे टॅकल बाहेरही पूर्ण जाऊ शकत नव्हता आणि आतही थांबू शकत नव्हता.

म्हणून चित्रफीत बघायला बसलात तर सॅक मोजू नका. कॉलेजातल्या सॅकमध्ये काही असे असतात की समोर कुणी अडवायलाच नव्हतं, काही असे की क्वार्टरबॅक चार-पाच सेकंद चेंडू धरून बसला. पहिलं पाऊल बघा. चेंडू हलल्याबरोबर हा सगळ्यांच्या आधी निघतो का? मग टक्कर झाली त्या क्षणी त्याची कंबर बघा, मागे जाते की तिथेच राहते. वळताना टॅकलच्या काखेखालून जमिनीकडे झुकूनही पाय चालू राहतात का, की तोल सावरायला वेग कमी होतो. यासाठी चाचणीत तीन शंकूंची एक धाव असते, पाच-पाच यार्डांवर काटकोनात शंकू मांडून त्यांना वळसे घालायचे. हलक्या खेळाडूच्या बाबतीत ४० यार्डांच्या धावेपेक्षा मला हा आकडा आणि पहिल्या दहा यार्डांचा वेळ जास्त सांगतात. क्वार्टरबॅक काही ४० यार्ड लांब नसतो. शेवटी एक गोष्ट, त्याच्या वेळापत्रकातले असे दोन-तीन सामने शोधा जिथे समोरचा टॅकल स्वतः व्यावसायिक होणार होता. तेवढेच नीट बघा. बाकीचे चालतील नाही बघितले तरी.

आता प्रश्न घेऊ.

*एका श्रोत्याने विचारलं, की हे सगळं टोकाच्या खेळाडूंबद्दल झालं. आतल्या बाजूला, मधोमध खेळणाऱ्यांना हाच नियम लागतो का?*

लागतो, आणि तिथे तर उदाहरण डोळे दिपवणारं आहे. ॲरन डोनाल्ड, ६ फूट १ इंच, २८५ पाउंड. मधल्या खेळाडूसाठी हे लहानच. २०१३ च्या मोसमात कॉलेजातल्या बचावपटूंची मोठी पारितोषिकं त्याने जवळपास सगळी घेतली, तरी २०१४ च्या ड्राफ्टमध्ये १३ व्या क्रमांकापर्यंत खाली आला. पुढे तीनदा सर्वोत्तम बचावपटू, १११ सॅक. त्याच्या आधी जॉन रँडल होता, १९९० मध्ये कुणीच न निवडलेला. वजन भरावं म्हणून कपड्यांत लोखंडी साखळी लपवून तो काट्यावर उभा राहिला, असं सांगतात. त्याचे १३७.५ सॅक, आणि तोही हॉल ऑफ फेममध्ये. पण आत चूक लवकर उघडी पडते, कारण तिथे दोघे जण मिळून अंगावर येतात आणि पळायला बाजू नसते. डोनाल्ड २८५ चा होता, पण त्याने ४० यार्ड ४.६८ सेकंदांत काढले. त्याच्या अर्ध्या वेगाचा २८५ पाउंडी माणूस आत टिकणार नाही.

*दुसरा प्रश्न अमेरिकेतून ऐकणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा शाळेच्या संघात टोकाला खेळतो, अंगाने बारीक आहे. प्रशिक्षक वजन वाढवायला सांगतात. वाढवावं का?*

ताई, तुमच्या मुलाला न पाहता मी सल्ला देणार नाही, आणि वाढत्या वयातल्या आहाराचं डॉक्टरांनाच विचारा. पण वरच्या पातळीवर काय होतं ते सांगतो. कम्बाइनच्या आधी कित्येक हलके खेळाडू खाऊन, पाणी पिऊन दहा-बारा पाउंड चढवतात, काट्यावर २५० दाखवतात, आणि मोसमात परत २४० वर येतात. स्काउटना हे माहीत असतं. यात फायदा कुणाचाच नाही, उलट धावताना पाय जड होतात. वाढवायची तर ताकद, आणि वेग न गमावता.

२०२३ मध्ये जॉर्जियाचा नोलन स्मिथ काट्यावर २३८ पाउंडच भरला, लपवाछपवी नाही, आणि ४० यार्ड ४.३९ सेकंदांत पळाला. कॉलेजातले सॅक बेताचेच होते. पण चित्रफितीत हा हलका पोरगा धावेच्या खेळीत टॅकलला अडवून कडा धरून उभा राहिलेला दिसायचा, आणि मघाशी मी म्हटलं ते हेच, वजन कमी असेल तर सर्वांत आधी हे तपासायचं. फिलाडेल्फियाने त्याला ३० व्या क्रमांकावर घेतलं, पहिल्या वर्षी घाई न करता थोडं थोडं खेळवलं. त्या वर्षी एकच सॅक. २०२४ मध्ये साडेसहा, आणि त्या मोसमाच्या बाद फेरीत, सुपर बोल जिंकेपर्यंत, आणखी चार.